यंदाच्या तारखा

नवं कॅलेंडर भिंतीला लागलं की घरातली माणसं सणवार बघतात, मी सामन्यांच्या तारखांवर गोल करत सुटतो. यंदा, 2026 मध्ये, गोल जरा जास्तच झालेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक, 11 जूनपासून फुटबॉलचा. आणि 19 सप्टेंबरपासून जपानमध्ये आशियाई स्पर्धा. अधिक महिन्यामुळं गणपती लांबलेत, तेव्हा स्पर्धा सुरू होताना आमच्याकडं मांडव उभेच असतील.

ही वाट बघायची सवय मला उसानं लावली. पाटोदा तालुक्यातलं आमचं गाव दिवाळी झाली की निम्मं रिकामं व्हायचं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, लहानगी पोरं घेऊन कारखान्यांवर जायची. आई-दादाही जायचे, मी आजीपाशी राहायचो. कारखान्याचा पट्टा पडला की पाडव्याच्या मागंपुढं माणसं परतायची, आणि त्याच दिवसांत जत्रा असायच्या. जत्रा म्हणजे कुस्त्यांचा फड. उन्हं उतरायच्या आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शेला-पागोटं, मग पैशाच्या, आणि शेवटी मानाची. हलगी कडाडली की दादा मला खांद्यावर घ्यायचे. उचल फिटलेली नसली तरी चितपट मारणाऱ्या पोराच्या हातावर ते नोट ठेवायचेच. आई त्यावरून दोन दिवस बोलायची नाही. मला मात्र आई-दादांची वाट बघणं आणि कुस्तीची वाट बघणं कधी वेगळं काढता आलं नाही.

पुढं क्रिकेट आलं. 1996 च्या मार्चमध्ये ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्धची उपांत्य फेरी आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावलेल्या टीव्हीवर बघितली. तेंडुलकर बाद झाला, मागोमाग रांग लागली, कांबळी रडत बाहेर आला. आम्हीही रडलो आणि सकाळी शाळेत गेलो. लांबच्या माणसावर जीव लावण्यात ही एक सोय असते.

ती सोय पाटोद्याच्याच राहुल आवारेनं घालवली. 2018 ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. ज्या तालुक्याच्या फडांत आम्ही खांद्यावर बसून कुस्त्या बघितल्या, त्याच तालुक्याचं पोरगं आता टीव्हीवर, आणि मला धड बघवेना. समोरच्यानं पटात हात घातला की मीच उठून अंगणात जायचो.

मग आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. त्याची शर्यत 3000 मीटर स्टीपलचेस: 28 अडथळे, वर 7 वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. टँकरची वाट बघणाऱ्या मुलखातल्या पोरानं पाण्याचीच शर्यत निवडावी, यावर आमच्याकडं अजून विनोद होतात. 1998 पासून राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. 6 ऑगस्ट 2022 ला बर्मिंगहॅममध्ये अविनाशनं त्यात घुसून रौप्य काढलं, 8 मिनिटं 11.20 सेकंदांत. सुवर्ण हुकलं 0.05 सेकंदानं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये सुवर्णही आलं. पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. रात्री एक वाजता आम्ही अकराव्या नंबरासाठी जागलो होतो आणि कुणालाही ते कमी वाटलं नाही.

बीडच्याच सचिन धसनं 2024 मध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात, उपांत्य फेरीत 4 बाद 32 वरून 96 धावा काढल्या, त्या दिवशीही मी अर्धा डाव अंगणातच होतो.

2025 च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर अविनाशचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्यामुळं सप्टेंबरच्या गोलाचं यंदा काही खरं नाही. चहाच्या टपरीवर रोज दोन तट पडतात. एक म्हणतो, बत्तिशीतला गुडघा, आता कसला. दुसरा म्हणतो, सियाचीनला राहिलेला फौजी आहे, तू गप.

तो धावला तर जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. तिकडची संध्याकाळची शर्यत इकडं दुपारी, म्हणजे ऐन शाळेत. माझा नेमका सातवीवर भूगोलाचा तास. सव्वाआठ मिनिटांचाच मामला आहे. मुख्याध्यापकांना आत्ताच विचारून ठेवलंय, जपानचा नकाशाही त्यातच उरकतो म्हणालो. ते हो म्हणाले, फक्त मध्येच वर्ग सोडून बाहेर जायचं नाही, एवढी अट घातलीय.