अठ्ठेचाळीस नंबरचा शेजारी

आमच्या चांदूर बाजारात जुन्या पिढीनं घर बांधताना आधी ओट्याचा विचार केला, मग घराचा. आत दोन खोल्या कमी पडल्या तरी चालेल, पण ओटा कसा ऐसपैस पाहिजे! त्यामुळे जुन्या विद्यापीठांच्या इमारतींत पोरांना 'अभ्यासाची जागा' आणि 'गप्पांची जागा' नव्यानं आखून द्यावी, असं विद्वान मंडळी गंभीर चेहऱ्यानं बोलू लागली की मला मौज वाटते.

भाच्याला घेऊन मुंबई विद्यापीठाचं फोर्टातलं ग्रंथालय पाहायला गेलो. वर 280 फुटी राजाबाई टॉवर. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या साहेबानं विलायतेत बसून त्याचा नकाशा काढला. स्वारी हिंदुस्थानात कधी आलीच नाही. (आमच्याकडे गवंडी रोज येतो, तरी जिना चुकतोच.) पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी आणि मनोऱ्याला नाव दिलं आईचं. 1878 मध्ये काम पुरं झालं. पुढे रंगीत काचांपासून दगडापर्यंत सारी डागडुजी होऊन 2015 मध्ये इमारत पुन्हा उजळली आणि 2018 मध्ये युनेस्कोनंही तिचा गौरव केला.

मी त्या काचांकडे 'आ' वासून पाहतोय, तर भाचा म्हणतो, "मामाजी, चार्जिंगचा पॉइंट कुठं असंन इथं?"

आता यावर रागवायचं कसं? विजेचे दिवे नव्हते तेव्हा बांधणाऱ्यांनी उजेडासाठी उंच खिडक्या दिल्या. त्या काळच्या पोरांची ती गरज. याची गरज पॉइंटची. जुनी वास्तू जपायची म्हणजे आत बसणाऱ्याला उपाशी ठेवायचं, असं थोडंच आहे! वायर भिंतीला न दुखवता नेली म्हणजे झालं.

पण पॉइंटनं सगळं भागत नाही. भाचा अमरावतीला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. महिन्याचे पैसे भरून एका अभ्यासिकेत बसतो. प्लायवूडचा कप्पा, नंबर सत्तेचाळीस. पॉइंट आहे, पंखा आहे, समोर 'शांतता राखा' आहे. मी विचारलं, "शेजारी कोण असतो रे?"

"अठ्ठेचाळीस नंबर."

"अरे, नाव काय त्याचं?"

"कायले पाहिजे नाव? सकाळी येते, रात्री जाते."

आठ महिने शेजारी बसून नाव ठाऊक नाही! आमच्या गावातले म्हातारे 1923 साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेल्या विदर्भ महाविद्यालयाच्या आठवणी सांगत. त्यांत पुस्तकं दोन आणि दोस्त पन्नास असत. परीक्षेत आपटलेल्या पोराला सावरायला पुस्तक येत नाही हो, दोस्तच येतो. म्हणून इमारत जुनी असो की नवी, आत मौन असावं आणि दाराबाहेर चार जणांना टेकायला जागा असावी. यासाठी मोठा वास्तुशिल्पज्ञ लागत नाही.

परवा भाच्याचा फोन आला. आवाज भलताच खुशीत.

"मामाजी, काल रात्री लाइन गेली. सारेच जिन्यावर येऊन बसलो. अठ्ठेचाळीस नंबर आपल्या शिरजगावचा निंगाला बाप्पा! येत्या रविवारी त्याच्याच घरी जेवाले चाललो."

विद्वानांच्या समित्या बसतात, आराखडे होतात. आमच्याकडे हे काम वीजमंडळ फुकटात करतं.