डबा बोलला नाही, अन् तीन एकर मागं राहिलं



आज खत, फवारणी नाही, पैशाचं लिहितो. पण गोष्ट पेरणीचीच आहे.

यंदा मृगात पाऊस चांगला झाला. सोमवारी वापसा आला. मंगळवारी सहा एकर सोयाबीन पेरायचं ठरलं. बियाणं घरचं, उगवण तपासून ठेवलेलं. फक्त डीएपीची सहा पोती आणायची होती. १३५० प्रमाणे ८१०० रुपये.

दुकानात मोबाईलवरून कोड स्कॅन केला, पिन टाकला. चक्र फिरत राहिलं. मला बँकेचा मेसेज आला, ८१०० कापले. दुकानदाराचा डबा मात्र बोलला नाही. तो म्हणला, "काका, डबा बोलल्याशिवाय पोती हलवता येत नाहीत." राग आला, पण त्याचंही चूक नव्हतं. खोटे ॲप दाखवून माल नेणारे लोक त्यानं पाहिलेत. खात्यात माझ्या उरले होते हजार-बाराशे. गावात हातउसने मागावेत तर सगळ्यांचीच पेरणी. शेवटी तीन पोती उधारीवर दिली.

मंगळवारी तीन एकर पेरलं. बाकीचं खताशिवाय पेरावं का, हा विचार आला होता. पण स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही. ते पेरणीसोबत बियाच्या खाली-बाजूला पडलं तरच मुळाला सापडतं. मागून वरून फेकून तितका उपयोग नाही. म्हणून थांबलो. बुधवारी रात्री जोराचा पाऊस झाला, रान चिखल झालं. पैसे परत आले पुढच्या मंगळवारी. राहिलेलं तीन एकर पेरलं गुरुवारी, म्हणजे नऊ दिवस उशिरा. आज बांधावर उभं राहिलं की दोन रानांतला फरक लांबून दिसतो.

शाखेत विचारलं तर "सिस्टीमचं आहे, येतील" एवढंच उत्तर. मग पुतण्यानं रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला. सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना आपले कापले अन् त्याला पोच झाली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. माणसानं माणसाला पाठवले असतील तर एकाच दिवसात. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न बघता.

माझे पाच दिवस शनिवारी संपले. रविवार, सोमवार, मंगळवार, तीन दिवसांचे ३०० रुपये निघतात. ते आपोआप काही आले नाहीत. कागदावर अर्ज लिहिला, यूटीआर नंबर टाकला, शिक्का मारून पोच घेतली. तीन आठवड्यांनी ३०० जमा झाले.

३०० रुपयांत नऊ दिवसांचा वापसा मिळत नाही, हे खरं. तरी अर्ज केला त्याचं समाधान आहे. नियम कागदावर चांगला आहे, पण आपण मागितलं नाही तर तो झोपूनच राहतो.

मी यूपीआयच्या विरोधात नाही. पूर्वी आडत्याचा चेक वटायला आठ-आठ दिवस जायचे. आता डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी अन् डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस रात्री, रविवारीही चालतं. फेब्रुवारी २०२३ पासून तर आपलं यूपीआय सिंगापूरच्या पे-नाऊला जोडलंय. समुद्रापार पैसा जातो, मग तालुक्याच्या दुकानात अडकला तर जाब विचारायला लाजायचं कशाला?

मित्रांनो, एवढं करा:

१. पेरणीच्या खताचे पैसे वापसा यायच्या आधीच द्या, अन् थोडी रोख घरात ठेवा.
२. पैसे अडकले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी खातं तपासा, यूटीआर नंबर लिहून घ्या.
३. ॲपमध्ये तक्रार करा अन् शाखेत लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.
४. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार फुकट आहे, माहितीसाठी १४४४८.
५. फसवणूक झाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

कृषी सहायक, अधिकारी मंडळी इथं वाचतात. पेरणीपूर्व बैठकीत बीजप्रक्रियेसोबत हेही दहा मिनिटं सांगा, ही विनंती.

दोन्ही रानांचा उतारा काढणीनंतर इथंच टाकतो.