नाकापर्यंत

तर झालं असं, पहिल्या नोकरीत क्लायंटच्या कर्मचाऱ्यांचे फोटो मायएसक्यूएलमध्ये टाकायचं काम माझ्याकडे आलं. कॉलम ठेवला ब्लॉब. म्हटलं, ह्यात काहीही मावेल! मावतात फक्त ६५,५३५ बाईट्स. (मीडियमब्लॉबमध्ये १६ एमबी, पण मॅन्युअल वाचतो कोण?) सर्व्हर ५.७ च्या आधीचा, स्ट्रिक्ट मोड बंद. त्याने जास्तीचा डेटा निमूट कापला. एरर नाही, नुसती वॉर्निंग. ती माझ्या स्क्रिप्टने बघितलीच नाही.

सोमवारी बघतो तर मोठ्या फायलींतले सगळे चेहरे नाकापर्यंत, खाली राखाडी पट्टा. मूळ फोटो? अपलोडनंतर ते उडवणारी ओळही माझीच!

मग दोन दिवस कॅमेरा घेऊन, "सर, परत बसता का जरा?" एक काका तोवर रिटायर होऊन गावी गेलेले. मी नोकरी सोडली तेव्हाही ते नाकापर्यंतच होते.