साडेबावन्न तोळे चांदी

जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र ईमेलवर आलं. पर्यावरण अभियांत्रिकी, एमएस्सी, एक वर्ष. मी धावत दुकानात गेले. कराडात आमचं गाद्या-उशांचं दुकान आहे, आम्ही पिंजारी. अब्बा गादीला टाके घालत बसले होते. त्यांनी मोबाईलवरचं इंग्रजी पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "कित्ते?"

फी, राहणं, विमान, व्हिसा मिळून ३५ लाख. अब्बांनी हातातला अर्धवट टाका पूर्ण केला, मग दुसरा घातला. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तेव्हापासून दीड वर्ष मी पैसे मागत हिंडले. शिष्यवृत्त्यांच्या याद्या इंटरनेटवर कुणालाही मिळतात, त्या इथे देत बसत नाही. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, माझा चौदा महिन्यांचा होता. केंद्राची 'पढो परदेश' योजना अल्पसंख्याकांसाठी होती. ती कर्ज देत नव्हती, शिक्षण चालू असतानाचं कर्जावरचं व्याज भरत होती. मी चौकशी केली तेव्हा ती बंद झाली होती, २०२२-२३ पासूनच. म्हणजे माझं पत्र आलं त्याच वर्षी.

राहिली राज्य सरकारची ओबीसींसाठीची परदेशी शिष्यवृत्ती. पिंजारी ओबीसीत येतात हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कागद कुणी काढला नव्हता. जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अब्बांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आजोबांचं नाव सापडलं. जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुसलमान'.

त्याच रजिस्टरात, आणखी काही पानं पुढे, आजोबांच्या चुलत भावाचं नाव होतं. त्याच्यापुढे 'पिंजारी'. घर एक, धंदा एक. बहुधा मास्तर बदलले असावेत. चुलत आजोबांच्या नोंदीवर प्रकरण उभं राहू शकतं, पण त्याला वंशावळ, प्रतिज्ञापत्र, चौकशी, सुनावणी. अर्जाची तारीख त्याच्या कितीतरी आधी निघून गेली. ज्यांच्या घरात मुलं दहावीला आहेत त्यांनी हे काम आजच सुरू करावं. परदेशाचा विचार नसला तरी करावं.

बँकेत अब्बा आले नाहीत, मी एकटी गेले. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण. आमचं घर अजून आजोबांच्या नावावर, वारस पाच. अधिकारी सभ्य होता, त्याने चहा पाजला आणि नाही म्हणाला. घरी आल्यावर अब्बांना सुटका झाल्यासारखं वाटलं हे मला दिसलं. व्याजाच्या कर्जाला त्यांचा जीव तयार नव्हता. मी मात्र ते घेतलं असतं, हे इथे खोटं कशाला बोलू? व्याज हराम आहे हे सांगणारे दर जुम्म्याला भेटतात, बिनव्याजी दोन लाख देणारं कुणी शोधायला मला तीन जिल्हे लागले.

मग रमजान आला. एका ओळखीच्या बाईंनी पुण्यातल्या एका ट्रस्टचा पत्ता दिला. तिथे जकातीतून शिष्यवृत्ती देतात. अब्बांना हे पटेना. आमची कमाई ती किती, तरीही ते दरवर्षी हिशोब करून जकात काढतात. "आपण देणारे आहोत," ते म्हणाले. रागाने नाही, जरा घाबरून म्हणाले. शेवटी अम्मीने मला एसटीत बसवलं.

ट्रस्टच्या कार्यालयात पांढऱ्या दाढीचे एक साहेब होते. गुणपत्रिका बाजूला ठेवून त्यांनी आधी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या मालकीचं सोनं किती?" दीड तोळ्याची चेन, नानीने दिलेली. "रोख?" नोकरीतले शिल्लक अठरा हजार. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. हनफी हिशोबात सोनं आणि रोख दोन्ही असतील तर त्यांची एकत्र किंमत चांदीच्या निसाबाशी ताडतात. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, तेव्हाच्या भावाने चाळीस हजारांच्या आसपास. माझी बेरीज लाखावर गेली.

"बेटी, तुम्ही साहिब-ए-निसाब आहात. जकात घेऊ शकत नाही, तुमच्यावरच ती फर्ज आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, चेन अम्मीला हिबा करून टाका, पुढच्या आठवड्यात या. भल्या मनानेच म्हणाले. पण येताना एसटीत मला सारखी लाज वाटत होती. मागायला गेले म्हणून वाटत होती, की इतकी वर्षं चेनचा हिशोब केला नाही म्हणून, ते आजही नीट सांगता येणार नाही.

घरी सांगितलं तेव्हा अब्बा जानेवारीनंतर पहिल्यांदा खो खो हसले. "म्हणजे तू देणारी निघालीस!" पुढच्या आठवड्यात मी परत पुण्याला गेले आणि त्याच टेबलावर अडीच हजारांची जकात भरली. साहेबांनी पावती फाडली, माझ्याकडे पाहिलं, आणि खणातून दुसरा फॉर्म काढला. कर्ज-ए-हसना, दोन लाख, जकातीचा पैसा नाही, व्याज नाही. शिक्षण संपल्यावर महिना पाच हजार, चाळीस महिने. दोन जामीन हवेत.

दोन लाखांत इंग्लंड होत नाही. ती जागा गेली. पण त्या फॉर्ममुळे मी हिशोब उलटा करायला शिकले: कोर्स ठरवून पैसे शोधण्याऐवजी, पैसे मोजून देश शोधायचा. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य घेतं ते सोडा. व्हिसासाठी वर्षाचे ११,२०८ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागत होते, साधारण दहा लाख. ते बुडत नाहीत, तिथे गेल्यावर तेव्हा महिन्याला ९३४ युरो असे आपल्यालाच मिळत होते. कागद तपासणीच्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० वेगळे. दहा लाख असे जमले: कर्ज-ए-हसनाचे दोन, अम्मीच्या पाटल्यांचे साडेतीन, शारजातल्या मामूंचे दोन, आणखी वर्षभर केलेल्या नोकरीतले माझे अडीच. पाटल्या विकताना अम्मी सराफाकडे आली नाही. मी आणि अब्बा गेलो.

जामिनांपैकी एक मदरशातले माझे उस्ताद. दुसरे आमच्या शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचे काका. अब्बांनी तीन दिवस त्यांना विचारायचं टाळलं, चौथ्या दिवशी मीच फॉर्म घेऊन गेले. काकांनी वाचलाच नाही. "पोरी, कुठं करू सही?" म्हणाले, आणि सही झाल्यावर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला स्वतःच निघाले.

ऑक्टोबर २०२४ पासून मी इथे आहे. चेन अम्मीकडे ठेवलीय, पण मालकी माझीच. यंदाच्या रमजानात फोनवर अब्बांना म्हटलं, अंगावर दोन लाखांचं कर्ज आहे, हिशोबाने मला जकात बसत नाही.

"फिटू दे," अब्बा म्हणाले. "मग बसेल."