बेबेलप्लाट्झवरची पुस्तके

३० जून २००६ रोजी मी बर्लिनमध्ये होतो. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिथल्या ऑलिम्पिक स्टेडियमवर विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतला जर्मनी-अर्जेंटिना हा उपान्त्यपूर्व सामना होता. माझ्याजवळ तिकीट नव्हते. सकाळ मात्र मोकळी होती. बिनतिकिटाच्या पाहुण्यांसाठीही शहराने पुरेशी सोय करून ठेवली होती. जर्मनी हा कल्पनांचा देश आहे, हे जगाच्या मनावर ठसावे म्हणून ठिकठिकाणी सहा अवाढव्य शिल्पे उभारली होती. त्यांत मोटार होती, औषधाची गोळी होती, लुस्टगार्टनमध्ये आइनस्टाइनचे समीकरण होते आणि अर्थात फुटबॉलचे बूटही होते.

साहित्याचा शिक्षक असल्याने माझे पाय आपोआप बेबेलप्लाट्झकडे वळले. मुद्रणकलेच्या गौरवासाठी तिथे सतरा पुस्तकांची सुमारे बारा मीटर उंचीची चळत उभी होती. प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर नाव होते. सर्वांत खाली गटे, त्याच्यावर ब्रेख्त. मग मान, हेसे, शिलर, मार्क्स, कांट, हाइने. आणि अगदी शिखरावर ग्युंटर ग्रास. गालांवर काळा-लाल-सोनेरी रंग फासलेली मुले त्या चळतीपुढे छायाचित्रे काढून घेत होती. मीही एकाला विनंती करून काढून घेतले. आपल्या वाचनातली इतकी नावे एका जागी पाहून झालेला आनंद खोटा नव्हता.

तेवढ्यात थोड्या अंतरावर दोन-तीन माणसे वाकून जमिनीकडे पाहताना दिसली. जवळ गेलो. फरसबंदीत एक काचेची तावदानी बसवलेली होती आणि तिच्याखाली पांढऱ्या, रिकाम्या फडताळांची एक खोली होती. मिखा उलमान या शिल्पकाराने १९९५ साली केलेले हे स्मारक. त्या फडताळांत सुमारे वीस हजार पुस्तके मावतील, आणि एकही नाही. १० मे १९३३ च्या रात्री याच चौकात पुस्तकांची होळी पेटली होती. शेजारच्या फलकावर हाइनेच्या ‘आल्मान्सोर’ या नाटकातले वचन कोरलेले आहे. म्हणजे हाइने चळतीतही होता आणि फलकावरही. मार्क्सची आणि ब्रेख्तची पुस्तके तर त्या रात्री आगीत गेलेली. आता तीच नावे पाहुण्यांच्या स्वागताला उभी होती.

मला अधिक बोचले ते दुसरेच. ती होळी निरक्षर झुंडीने पेटवलेली नव्हती. तिचे आयोजन विद्यार्थी संघटनेने केले होते, विद्यापीठ रस्त्याच्या पलीकडेच होते आणि गर्दीत प्राध्यापकही होते. पुस्तके जाळायला नेण्याआधी ती वेचून काढावी लागतात, आणि त्यासाठी लेखकांची नावे ठाऊक असावी लागतात. त्या माणसांना ती ठाऊक होती.

संध्याकाळी जर्मनीने पेनल्टींवर सामना जिंकला आणि शहर रात्रभर जागे राहिले. मीही त्या आनंदात सामील होतो.

पुढे ऑगस्टमध्ये, आपले आत्मकथन प्रसिद्ध होण्याच्या सुमारास, ग्रासने एका मुलाखतीत सांगितले की वयाच्या सतराव्या वर्षी तो वाफेन-एसएसमध्ये होता. ही गोष्ट त्याने साठ वर्षे जाहीर होऊ दिली नव्हती. ‘टिन ड्रम’ शिकवताना मी वर्षानुवर्षे त्याला आपल्या समाजाला भूतकाळाची आठवण करून देणारा लेखक म्हणूनच उभे करत आलो होतो. त्या सत्रात एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, मग आता ग्रास काढून टाकायचा का?’’ मी ‘नाही’ म्हणालो, पण कारण मला लगेच सांगता आले नाही. तिच्या प्रश्नातले ‘काढून टाकायचा’ हे शब्द ऐकताना मला ती रिकामी फडताळे आठवली. आणि त्याच वेळी हेही जाणवले, की ग्रासला चळतीच्या शिखरावर बसवणाऱ्यांत मीही होतो.

ती चळत तात्पुरतीच होती. स्पर्धेनंतर ती हलवली गेली. काचेखालची खोली मात्र तिथेच आहे. ‘टिन ड्रम’ मी नंतरही शिकवला; त्या मुलाखतीची गोष्ट पहिल्याच तासाला सांगून. माझ्या छायाचित्रात सतराही नावे स्वच्छ वाचता येतात. काच त्यात नाही. ती माझ्यापासून काही पावलांवर होती. मी तेव्हा वर पाहत होतो.