सहा रकाने

हवानातल्या ओबिस्पो रस्त्यावर मी घेतलेली सिगारची पेटी नकली आहे, हे मला एका अनोळखी बाईंनी सांगितलं. त्या बाईंचं मी देणं लागतो. ते फिटणारं नाही, पण निदान लिहून ठेवावं म्हणून हे लिहितो आहे.

2016चा डिसेंबर होता. आमचं जहाज त्या हिवाळ्यात हवानाहून सुटायचं आणि आठवड्याने हवानालाच परत यायचं. शनिवारी सकाळी सिएरा माएस्त्रा धक्क्याला लागलं की जुने प्रवासी उतरत, संध्याकाळपर्यंत नवे चढत. मधल्या वेळात आमच्यापैकी ज्यांची पाळी नसे त्यांना तीन-चार तास गावात जाता येई. मी जहाजावरच्या सिगार-बारमध्ये स्ट्युअर्ड होतो. पेटी उघडायची, सिगार कापून द्यायची, पेटवून द्यायची आणि किंमत सांगायची, एवढंच मला येत होतं. त्या दिवशी रस्त्यात एक माणूस माझ्या बरोबरीने चालू लागला. भाऊ कारखान्यात आहे, पेट्या स्वस्तात मिळतात, म्हणाला. महिनाभर जमवलेल्या टिपांचे पैसे मी त्याला दिले आणि पुढच्या गल्लीत एका उंबऱ्यावर बसून पेटी उघडली.

दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी एक सिगार दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, आत जाऊन सुरी आणली आणि सिगार उभी चिरून माझ्या तळहातावर उलगडली. आत चुरा होता, जाड शिरांचे तुकडे होते आणि एक पट्टी अशी होती, जी तंबाखूची नव्हतीच. “ओळखतोस का तंबाखू?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ओळखतो, मी तंबाखूच्या गावचा आहे.

हे मी रागाने बोललो होतो, पण खोटं नव्हतं. माझं गाव निपाणी. आजोबांची दोन एकर काळी जमीन, तिच्यात विडीची तंबाखू. आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका, हवेत तरंगणारी ती झोंबरी धूळ, संध्याकाळी आई घरात शिरली की आम्हा भावंडांना येणाऱ्या शिंका, हे माझं बालपण. आमच्याकडे तंबाखूची प्रत व्यापारी ठरवायचा. पोत्यात हात घालायचा, मूठ नाकाशी न्यायचा आणि भाव सांगायचा. का कमी, असं विचारायची सोय नव्हती. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर निपाणीचे तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठिय्या देऊन बसले, त्यात आजोबाही होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबा त्याबद्दल फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, “आमचं म्हणणं एवढंच हुतं, का कमी ते सांगा.”

त्या बाईंनी मला घरात बसवलं. वीस वर्षं त्यांनी कारखान्यात सिगार वळल्या होत्या. पुढे त्यांना चव पारखणाऱ्यांच्या मंडळात घेतलं गेलं, आणि निवृत्तीपर्यंत त्या तिथेच होत्या. क्युबात या पारख्यांना कातादोर म्हणतात. वळणाऱ्यांच्या रोजच्या कामातून नमुने उचलायचे, ओढून पाहायचे, लिहून द्यायचे, हे त्यांचं काम. मी त्यांना आधी सेन्योरा म्हणत असे. तिसऱ्या शनिवारी त्या म्हणाल्या, तिआ म्हण. तिआ म्हणजे मावशी. त्या मला इहो म्हणत, म्हणजे मुला. जहाजावर दक्षिण अमेरिकेतली पोरं पुष्कळ, त्यांच्याकडून मी कामापुरती स्पॅनिश उचलली होती. तेवढ्यावर आमचं भागलं.

पहिले दोन शनिवार त्यांनी मला सिगार पेटवूच दिली नाही. पानं दाखवली. आतला गाभा म्हणजे त्रिपा, त्याला बांधणारं पान कापोते आणि सगळ्यांवरचं देखणं पान कापा. खरी, चांगल्या प्रतीची हवाना असेल तर गाभ्यातली पानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतात, निऱ्या घातल्यासारखी मुडपून बसवलेली. गाभ्यात झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं लागतात. खालचं वोलादो सिगारला नीट जळतं ठेवतं, मधलं सेको वास देतं, वरचं लिगेरो उन्हात वाढून जाड झालेलं असतं आणि तेच कडकपणा देतं. लिगेरो सावकाश जळतं, म्हणून वळणाऱ्याने ते बरोबर मधोमध ठेवायचं. थोडं बाजूला सरकलं तर सिगार एका अंगाने जळत जाते. मी आयुष्यभर तंबाखू पाहत आलो होतो, पण एकाच झाडाची तीन पानं तीन कामं करतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग कार्ड आलं. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर पट्टीने आखलेले सहा रकाने: ओढ, जळण, कडकपणा, वास, चव, एकंदर दर्जा. कारखान्यातही याच गोष्टी पाहत, असं तिआ म्हणाल्या. प्रत्येक रकान्याखाली त्यांनी आणखी एक ओळ आखली होती. तिच्यावर लिहिलं होतं, “का?”

सकाळी, कॉफी घ्यायच्या आधी, अंगाला साबणाचाही वास नको, अशी त्यांची शिस्त. सिगारवरची कागदी पट्टी त्या आधीच काढून ठेवत, म्हणजे मला नाव कळू नये. प्रथम पाहायचं: वरच्या पानाला तेलाची हलकी तकाकी आहे का, शिरा बारीक आहेत का. मग बोटांनी हलकेच दाबायचं, कुठे पोकळ लागतं, कुठे गाठ लागते. टोपीचं टोक जेमतेम कापून, न पेटवताच एक झुरका घ्यायचा. सीडरच्या चिपाटीने पेटवायची, पेट्रोलच्या लायटरने नाही. मिनिटाला फार तर एक झुरका. धूर तोंडात फिरवायचा आणि सोडायचा, छातीत घ्यायचा नाही. इंचभर झालं की बाजूला ठेवून बिनसाखरेच्या चहाने तोंड धुवायचं. आमच्याकडे चहा म्हणजे गोडच. तो कोरा, कडू चहा मला पहिल्यांदा औषधासारखा लागला, आणि दोन महिन्यांनी त्याच्याशिवाय जीभ कोरी होईनाशी झाली.

जहाजावरचे अमेरिकन आणि युरोपीय प्रवासी सिगार मागताना आकडा मागत. “नव्वदच्या वरची दे.” 1992 साली ‘सिगार अफिशिओनादो’ हे अमेरिकन मासिक निघालं आणि त्याने सिगारला शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली: दिसणं आणि बांधणी 15, ओढ आणि जळण 25, चव 25, आणि एकंदर ठसा 35. मी हे तिआंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांना त्या मासिकातली एक गोष्ट आवडली: तिथेही पट्टी काढून, नुसते क्रमांक लावून सिगार पारखतात. पण 35 गुणांवर त्या थांबल्या. “याच्याखाली ‘का?’ लिहायला जागा आहे?” म्हणाल्या. मला तो प्रश्न रास्त वाटला, अजूनही वाटतो. शंभरातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग जर ‘ठसा’ म्हणून जाणार असेल, तर देणाऱ्याने तो ठसा कशाचा, हे सांगायलाच हवं.

एका शनिवारी मी एका सिगारला एकंदर दर्जात पाचपैकी पाच दिले. का, या ओळीवर लिहिलं: उत्तम. खरं असं होतं, की आकारावरून मी तिचं नाव ताडलं होतं. ती महागडी होती. तिआंनी कार्ड वाचलं, मधोमध फाडलं आणि दुसरं आखून माझ्यापुढे ठेवलं. ओरडल्या नाहीत. ती सिगार पुन्हा माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हिची ओढ घट्ट आहे. तुला कळली होती, तू लिहिली नाहीस.” आणि मग बराच वेळ त्या ओढीबद्दलच बोलत राहिल्या. ओढ घट्ट असते, कारण कुणीतरी गाभा भरताना पानं पिळली. जळण वाकडं जातं, कारण कुणीतरी लिगेरो मधोमध ठेवलं नाही. धुरात अमोनियाचा उग्र दर्प येतो, कारण पानांच्या राशीला मुरायला पुरते दिवस दिले नाहीत. प्रत्येक उण्या गुणामागे एक हात असतो. तू खोटे गुण दिलेस, तर त्या हाताला त्याची चूक कधीच कळणार नाही. तू कारण न देता गुण कापलेस, तर तू त्याची मजुरी कापलीस. वळणाऱ्याने दिवसभरात शंभरेक सिगार वळल्या असतात, आणि तू तीन सिगारवरून त्याच्याबद्दल बोलतो आहेस, तेव्हा जपून बोल.

तिआ ज्या दालनात वळायला बसत, तिथे समोर व्यासपीठावर बसून एकजण मोठ्याने वाचून दाखवी. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. ही चाल हवानाच्या कारखान्यांत 1865पासून आहे. वाचन आवडलं की सगळे आपापली चावेता, म्हणजे पान कापायची अर्धगोल पाती, लाकडी फळीवर ठोकत. मी आईच्या वखारीबद्दल सांगितलं, तेव्हा तिआंनी सर्वांत आधी विचारलं, “तिथे कोण वाचतं?” मी म्हणालो, कुणी नाही. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या आईची तंबाखू आण.”

बेळगावचा माझा एक सहकारी रजा संपवून फेब्रुवारीत जहाजावर परतणार होता. निघण्याआधी तो आमच्या घरी जाऊन आला. आईने स्वतः चाळलेली मूठभर तंबाखू पुडीत बांधून दिली, आणि त्याच तंबाखूच्या विड्यांचं एक बंडल.

तिआंनी नेहमीची तयारी केली, चहासुद्धा. विडी हातात घेऊन वजन पाहिलं. पाव ग्रॅमही तंबाखू नसते एका विडीत. पेटवली, विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा विझल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली, घरातलं उरलेलं एक कापाचं पान ओलसर करून घेतलं आणि पुडीतली तंबाखू त्यात वळली. बोटाएवढी सिगार झाली. ती शेवटपर्यंत सरळ जळली. “दोष टेंभुर्णीच्या पानाचा आहे, तंबाखूचा नाही,” त्या म्हणाल्या. मग उरलेली पुडी पांढऱ्या कागदावर पसरली, चष्मा लावला आणि बोटाने कण न् कण बाजूला करत कितीतरी वेळ पाहत बसल्या.

कार्ड त्यांनी स्वतः भरलं. ओढ, 3. जळण, 2, का: पान. कडकपणाला त्या कधीच गुण देत नसत, कारण कडक असणं हा दोषही नाही आणि गुणही नाही. तिथे लिहिलं: फार. वास, 4. चव, 2, का: हिला मुरायला वेळ दिलेला नाही. एकंदर दर्जाच्या रकान्यात आकडा नव्हता. खालच्या ओळीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: चाळणाऱ्या हाताला पाचपैकी पाच. धूळ नाही, शीर नाही, काडी नाही.

एप्रिलमध्ये करार संपवून मी घरी आलो. जेवणं झाल्यावर आईला कार्ड वाचून दाखवलं, रकान्यामागून रकाना, मराठीत करून. चवीला दोन म्हटल्यावर ती म्हणाली, “खरं हाय, कच्चीच असती ती.” शेवटची ओळ वाचली, तेव्हा तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं.

“काडी न्हाई, असं लिवलंय?”

“हो.”

“कुठं?”

मी बोट ठेवून दाखवलं. तिला ती लिपी वाचता येत नव्हती, पण ती त्या शब्दांवरून अंगठा फिरवत राहिली. “आमचा मुकादम रोज म्हणायचा, काडी राहिली. आन् पैसं कापायचा. सव्वीस वरसं.” मग म्हणाली, “त्या बाईनं चष्मा लावून बगितलं न्हवं?”

मी जहाज सोडलं, त्याला आता काही वर्षं झाली. तंबाखू ओढत नाही. आईला दोन जिने चढले की दम लागतो आणि डॉक्टर तो वखारीतल्या धुळीचा म्हणतात. ते रोज डोळ्यांपुढे असताना धुराची चव मला नको. पण कोल्हापुरात ज्या हॉटेलात मी आज काम करतो, तिथे नव्या मुलांचं काम तपासायचं असतं, आणि त्यांच्या तक्त्यावर प्रत्येक गुणाखाली मी एक ओळ आखून ठेवली आहे. तिआ 2021 साली गेल्या, असं त्यांच्या शेजारच्या मुलाने फोनवर कळवलं. त्यांच्यापुढे बसून आभार मानायचे राहिले. आईचा निरोपही राहिला. तिने सांगितलं होतं, त्या बाईला म्हणावं, एकदा निपाणीला या.

कार्ड आईच्या ट्रंकेत आहे, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यावर तारीख 18 फेब्रुवारी 2017 आणि खाली तिआंची सही आहे.