बाई, रंग सांडला!

सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीआधीचे चार-पाच दिवस आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत एकच आरोळी घुमायची: "बाई, रंग सांडला!" एका मशीनवर दोघं-दोघं बसलेली. कुणीतरी कष्टाने पणती काढलेली असायची, रंगाच्या डब्याचं चित्र निवडून पणतीच्या पोटात टिचकी मारलेली असायची आणि सगळा पडदा नारिंगी होऊन जायचा. पणतीच्या कडेला कुठेतरी एका ठिपक्याएवढी फट राहिलेली असे. तेवढ्यातून रंग बाहेर. मग दोन डोकी पडद्याला चिकटायची, भिंग घेऊन चित्र मोठं करायची, फट शोधायची, पेन्सिलीने बुजवायची. पुन्हा टिचकी. या वेळी रंग पणतीतच थांबला की दोघांच्या तोंडून सुटलेला तो 'हां!' मला अजून ऐकू येतो.

ज्या पेंटमध्ये हा रंग सांडायचा, ते पेंट गेलं. त्याच्या नावाची खिडकी आजही विंडोजमध्ये उघडते, हे मला माहीत आहे. मी म्हणते ते विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत होतं ते. डाव्या हाताला दोन रांगांत सोळा हत्यारं, खाली दोन ओळींत अठ्ठावीस रंग, आणि मध्ये पांढरा कागद. मुलांना दाखवायला एक तास पुरायचा. खालच्या ओळीतला अगदी शेवटचा रंग नारिंगी, म्हणजे झेंडू. त्याच्या डोक्यावरचा तपकिरी, म्हणजे पणतीची माती. आमची निम्मी दिवाळी त्या कोपऱ्यातल्या दोन चौकोनांत होती.

पेंटचा जन्म नोव्हेंबर १९८५ चा, विंडोजच्या पहिल्याच आवृत्तीबरोबर. झेडसॉफ्ट नावाच्या कंपनीच्या 'पीसी पेंटब्रश'वरून ते बेतलेलं होतं. २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्याचा चेहरामोहरा बदलला. आमच्याकडे मात्र मशीनं जुनीच राहिली. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली, तरी आमच्या खोलीत ते पुढच्या काही दिवाळ्या चाललं. जुलै २०१७ मध्ये, ज्यांच्यावर यापुढे काम होणार नाही अशा गोष्टींच्या यादीत कंपनीने पेंटचं नाव घातलं, तेव्हा जगभरातून हळहळ उमटली आणि ते राहू दिलं गेलं. त्या हळहळीत मीही होते. पण माझं दुःख वेगळं होतं, कारण माझ्या हातातलं पेंट तोवर जवळपास संपलेलंच होतं.

दिवाळीची चित्रं काढायला त्यात खास असं काहीच नव्हतं. तयार कंदील नाही, तयार तोरण नाही. साधी तुटक रेघसुद्धा नाही. कागदी कंदिलावर 'इथे कापा' अशी तुटक रेघ हवी असेल, तर छोटी रेघ काढायची, ती निवडायची आणि कंट्रोलची कळ दाबून पुढे ओढत तिच्या प्रती ठेवत जायच्या. मुलं हे न कंटाळता करायची. वाकडी रेघ हा तर वेगळाच धडा होता. आधी सरळ रेघ ओढायची, मग ती मधोमध धरून खाली खेचायची. पणतीचं पोट असं व्हायचं. ज्योत मात्र दोन वाकड्या रेघांची, आणि त्यांची टोकं जिथे मिळतात तिथेच नेमकी फट राहायची.

फुलाची एक पाकळी नीट काढली की बाकीच्या काढायच्या नसत. तिची प्रत घ्यायची, उलटवायची, समोर ठेवायची. पण ठेवताना पाकळीभोवतीचा पांढरा चौकोन शेजारची रेघ पुसून टाकायचा. डाव्या पट्टीच्या खाली दोन छोटी चित्रं होती. त्यांतल्या दुसऱ्यावर टिचकी मारली की ते पांढरं पारदर्शक व्हायचं. ज्या मुलाला हे पहिल्यांदा सापडायचं, तो त्या दिवशी वर्गाचा गुरू असे आणि मी बाजूला उभी राहायची.

पुसण्याची सवलतही बेताची होती. तीन पावलं मागे जाता येई, चौथं नाही. म्हणून मुलं हात घालण्याआधी एकमेकांना विचारत: "टाकू का?"

हे लिहायला बसले ते खरं तर एका आजींमुळे. सातवीतल्या एका मुलीने 'सात ते चार'ची ठिपक्यांची रांगोळी घेतली होती. मधल्या ओळीत सात ठिपके, वर-खाली सहा, पाच, चार, असे सदतीस. पेंटच्या तळाशी माउस कुठे आहे त्याचे आकडे दिसतात. त्यावरून तिने हिशेब बांधला होता: दोन ठिपक्यांत चाळीसचं अंतर, पुढची ओळ वीसने सरकवून आणि चाळीसने खाली. तिचं निम्मं काम झालं होतं. तिला घरी न्यायला आलेल्या आजी दाराशी चपला काढून आत आल्या आणि पदराने चष्मा पुसून पडद्याकडे पाहत राहिल्या.

"बाई, ओळी लांब पडल्यात. फूल उभट येईल."

मुलगी म्हणाली, "आजी, सगळीकडे चाळीसच आहे."

"असू दे. ओळ जरा वर घे. तिरपा ठिपकाही शेजारच्याइतकाच लांब पाहिजे."

आजींनी पडद्यावर चिमूट धरून दाखवली. आडवी धरली, मग तिरपी धरली. चिमटीतलं अंतर तेवढंच राहिलं. मी फळ्यावर समभुज त्रिकोण काढला आणि आम्ही उंची मोजली: चाळीसची बाजू असेल तर उंची चौतीस-पस्तीसच्या आसपास. मुलीने ओळी पस्तीसवर आणल्या. भूमिती कधी न शिकलेल्या त्या बाईंच्या बोटांत तो त्रिकोण पन्नास-साठ दिवाळ्यांपासून होता. माझ्या शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत कॉम्प्युटर आणि घर यांच्यात इतकी सरळ वाट मला पुन्हा दिसली नाही. जुन्या पेंटमध्ये तयार रांगोळी नव्हती म्हणूनच आजींना त्यात बोट घालता आलं.

दुसरी एक युक्ती मुलांनीच शोधली. कंट्रोल आणि आय दाबलं की सगळे रंग उलटे होत. पांढऱ्या कागदावरचं काळ्या रेघांचं चित्र क्षणात काळ्या रात्रीवरचं पांढरं चित्र होई. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतच्या सगळ्या रात्री आम्हाला त्या दोन कळांनी दिल्या. पण ज्योत पिवळी काढली तर उलटवल्यावर ती निळी व्हायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आधी निळी काढली तर नंतर पिवळी होते. त्यानंतर खोलीभर पांढऱ्या कागदांवर निळ्या ज्योती दिसू लागल्या. "तीन म्हटलं की उलटवायचं," असं ठरायचं आणि वीस पडदे एकदम अंधारून पिवळे दिवे लागायचे. शिपाईमामा तेवढ्यासाठी दारात येऊन उभे राहत.

खरे दिवे मात्र कधीही जात. तेव्हा आमच्या भागात भारनियमन होतं. यूपीएस ओरडू लागला की मी एकच शब्द म्हणायची, "सेव्ह!" फ्लॉपीवर न्यायचं तर आठशे बाय सहाशेचं एक पूर्ण रंगीत चित्र १४,४०,०५४ बाइटचं होई, आणि तेवढ्यात फ्लॉपी भरे. एक मूल, एक चित्र, एक फ्लॉपी. जेपीईजी केलं तर जागा वाचायची, पण रेघांच्या कडेला धूसर डाग पडायचे आणि पुढे रंग नीट भरत नसे. म्हणून आम्ही बीएमपीच ठेवायचो.

आणि मग कागद. आमचा प्रिंटर काळा-पांढराच होता आणि मला त्याची कधी खंत वाटली नाही. आठशेची रुंदी ए-फोर कागदावर मावत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं. उजवीकडची पणती वेगळ्या कागदावर एकटीच आली होती. पुढे मापं बसली. पडद्यावर रंगवलेलं चित्र मुलांनी एकदा पाहिलेलं असे, तेच कागदावर स्केचपेनने, खडूने, कुणी हळद-कुंकवाने पुन्हा रंगवत. कंदिलाचा कागद मधोमध दुमडून तुटक रेघांवर कात्री चालवायची, उलगडून गोल वळवायचा, कडा खळीने चिकटवायच्या, खाली झिरमिळ्या. रांगोळीच्या कागदाला ठिपक्यांवर टाचणीने भोकं पाडायची आणि पातळ फडक्याच्या पुरचुंडीत रांगोळी घेऊन वरून थोपटायची. कागद उचलला की खाली सदतीस ठिपके. कॉम्प्युटरने ठिपके द्यायचे, रेघा हाताने ओढायच्या, असं आमचं वाटप होतं.

मशीनं शेवटी भंगारात गेली. फ्लॉपी वाचणारं यंत्रही गेलं, पण त्याआधी मी जमेल तेवढं सीडीवर उतरवून ठेवलं होतं. २०२३ मध्ये नव्या पेंटला एकावर एक थर ठेवायची सोय आली. आता काही मशीनांवर त्याच खिडकीत चार शब्द लिहिले की चित्र आपोआप तयार होतं. मी ते करून पाहिलं. दिवे लखलखीत आले, फुलं भरगच्च आली, फट कुठेही नव्हती.

गेल्या दिवाळीत ती सीडी उघडली. 'kandil', 'panti2', 'untitled' अशी नावं रोमन अक्षरांत मुलांनी दिलेली, आणि बीएमपी आजही उघडतं. त्यात आजींची रांगोळी निघाली. नातीने कोपऱ्यात माउसने 'शुभ दीपावली' लिहिलं होतं, शिरोरेषा सरळ, अक्षरं थरथरती. मी त्या रांगोळीचा कागद काढला, संध्याकाळी टाचणी घेऊन बसले, सदतीस भोकं पाडली. पहाटे उंबऱ्यापाशी सडा घातला, कागद ठेवला, पुरचुंडी थोपटली, ठिपके जोडले.

फूल गोल आलं.